अठ्ठावन्न मार्कांची मास्तरीण

नरकचतुर्दशीला पहाटे उठून बंब पेटवायचे काम आमच्या घरी आता कोणी करीत नाही. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत एक बाई राहते, ती करते. आदल्या रात्री बटण दाबून वेळ सांगून ठेवायची, पहाटे टबात पाणी भरते, तापते, लहानशी धून वाजते आणि ती बाई अत्यंत मार्दवाने म्हणते, "ओफुरो गा वाकिमाशिता." म्हणजे, स्नानाचे पाणी तापले आहे. तिच्या भाषेत स्नानालासुद्धा आदरार्थी उपसर्ग लागतो. माणसांनी आपल्याशी कधी इतक्या अदबीने बोलल्याचे मला तरी आठवत नाही.

गेल्या दिवाळीत याच पानावर मी आमच्या टोकिओतल्या बिऱ्हाडाची हकिगत लिहिली, तेव्हा पुष्कळ वाचक भगिनींची पत्रे आली. सर्वांचा सूर एकच: बाई, तुम्ही मोठ्या नशीबवान, तिथे सगळी कामे यंत्रे करतात! करतात खरी. पण ती सगळी जपानीत बोलतात, आणि मी पडले इंग्रजीची मास्तरीण.

दादरच्या एका शाळेत अठरा वर्षे इंग्रजी शिकवल्यावर ह्यांची इकडे बदली झाली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येते. तेवढ्या तासांत बसेल अशी सहायक शिक्षिकेची जागा एका प्राथमिक शाळेत मिळाली. इथे पाचवी-सहावीला २०११ पासून इंग्रजीची नुसती तोंडओळख असे. २०२० साली तो रीतसर मार्कांचा विषय झाला. मार्क आले की मास्तर हवाच, हा न्याय आपल्याकडचाच.

पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा वाटले होते, आता डोळे दिपणार. पाहते तो कोपऱ्यात फॅक्सचे यंत्र, भिंतीला तारेचा टेलिफोन, आणि हजेरीपटावर रोज आपल्या नावाचा लाल शिक्का उठवायचा! माझाही शिक्का करून घेतला. ज्या देशाने सरकारी नियमांतून फ्लॉपी डिस्कला २०२४ साली, तेही मंत्र्याने मोठी मोहीम काढून, निरोप दिला, त्या देशाला एकदम 'पुढारलेला' म्हणून मोकळे होऊ नये, हे मला तेव्हा कळले.

त्याच खोलीत प्रश्नपत्रिका छापायचे यंत्र आहे. आपल्या जुन्या सायक्लोस्टाइलचेच हे श्रीमंत नातलग: मूळ कागद पाहून ते आतल्या आत एक पातळ पत्रक जाळून अक्षरे उठवते, ढोलाभोवती गुंडाळते आणि धडाधड प्रती काढते. सायक्लोस्टाइलने माझ्या कितीतरी साड्यांची वाट लावली, पण ती बिचारी मुकी होती. हिला बोलता येते. मला पस्तीस प्रती हव्या होत्या. शून्य एक जास्त पडले. यंत्राने चित्रलिपीत काहीतरी नम्रपणे विचारले. नम्रपणे विचारणाऱ्याला नाही कसे म्हणावे? मी हिरवे बटण दाबले. साडेतीनशे ससे आणि साडेतीनशे कासवे बाहेर पडेपर्यंत मी त्या यंत्राला चारी बाजूंनी हात जोडीत होते. शेवटी शिपाईदादांनी येऊन ते थांबवले. ज्या बाईने जन्मभर मुलांना 'आधी वाच, मग लिही' म्हणून छड्या दाखवल्या, ती त्या दिवशी निरक्षर म्हणून उभी होती.

घरी आल्यावर मिक्सर. दादरहून मोठ्या प्रेमाने आणलेला. आपल्याकडे वीज दोनशे तीस व्होल्टची, इथे शंभर. भाजणी दळायला लावली तर पाते म्हाताऱ्या माणसाने पोथीचे पान उलटावे तसे फिरले. असो. मिक्सरचे दुःख ट्रान्सफॉर्मर आणून मिटले. पुढच्याचे मिटले नाही.

जपान सरकारने प्रत्येक मुलाच्या हाती एकेक टॅब्लेट द्यायचे २०१९ च्या डिसेंबरात जाहीर केले. काम काही वर्षे चालायचे होते; महासाथ आली, घाई झाली, आणि २०२१ च्या मार्चअखेर बहुतेक शाळांत ही पाटी पोहोचलीसुद्धा. यंदा आमच्या शाळेत त्या पाटीवर उच्चार तपासणारा कार्यक्रम आला. मुलाने इंग्रजी वाक्य वाचायचे, यंत्राने शंभरांपैकी मार्क द्यायचे. सहावीचे वर्गशिक्षक पोरगेलेसे आहेत, उत्साही आहेत. पहिल्याच तासाला ते मला म्हणाले, "सेन्सेई, आपण नमुना दाखवावा."

वाक्य होते, 'द व्हाइट व्हॅन वॉज व्हेरी स्लो.' मी स्वच्छ, खणखणीत वाचले. मोठ्या पडद्यावर आकडा आला: अठ्ठावन्न.

मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. पस्तीस मुले माझ्या वतीने ओशाळून खाली पाहू लागली. वर्गशिक्षकांनी घाईघाईने सगळा दोष वायफायवर ढकलला. मी पुन्हा वाचले. एकसष्ट. मग पुढच्या बाकावरच्या मुलाने वाचले, त्याला त्र्याऐंशी.

रात्री मी पुस्तके काढून बसले. वाचकहो, आपण 'व्हाइट' लिहितो आणि 'व्हॅन' लिहितो, तो 'व्ह' एकच. इंग्रजाचे मात्र दोन. व्हॅनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर घासायचे. व्हाइटच्या वेळी दातांचे काम नाही, नुसते ओठ गोल. आपला 'व' या दोहोंच्या मधोमध बसलेला. 'पेन' म्हणताना इंग्रज 'प' वर जवळजवळ 'फ' इतकी हवा सोडतो. आपण सोडीत नाही, म्हणून यंत्राला माझे पेन 'बेन' ऐकू येते. म्हणजे यंत्र अगदीच खोटे बोलत नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पण माझ्या मुलीने मला दुसरेही एक दाखवले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली पाच बड्या कंपन्यांची बोलणे ऐकणारी यंत्रे तपासली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात यंत्रे शंभर शब्दांमागे सरासरी एकोणीस चुका करीत, काळ्यांच्या बोलण्यात पस्तीस. आणि ती काळी माणसे अमेरिकेतच जन्मलेली, इंग्रजीच त्यांची मातृभाषा! यंत्राचाही कान कोणाच्या तरी आळीत वाढलेला असतो.

हे सगळे मी उपमुख्याध्यापकांना कसे सांगणार? आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावले. चहा दिला. हवा थंड झाल्याचे सांगितले. मग हळूच म्हणाले, यापुढे नमुना वाचन यंत्राने केले आणि सेन्सेईंनी फक्त बटण दाबले, तर सेन्सेईंचे श्रम वाचतील. माझा करार मार्चअखेर संपतो. मी चहा प्यायले.

सहावीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. खिडकीजवळ बसते, वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या टॅब्लेटवर मार्क येतच नसत. 'ऐकू आले नाही, कृपया पुन्हा बोला,' एवढेच अक्षर येई. ती पुन्हा बोले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पाटीवर शून्य. मी तिच्या बाकाशी गुडघे टेकून बसले आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. अख्खे वाक्य होते हो! 'स्लो' मधला तो 'ल', ज्याने भल्याभल्या जपानी माणसांचा 'र' होतो, तोही जागच्या जागी.

मी तसाच चिठ्ठीवर मार्क लिहिला, आपला शिक्का मारला, आणि ती चिठ्ठी घेऊन उपमुख्याध्यापकांकडे गेले. म्हटले, तोंडी परीक्षेत निदान अशा मुलांना मी माझ्या कानाने तपासते. ते म्हणाले, "केन्तो शिमासु." विचार करतो. ह्यांना विचारले तर म्हणाले, "इथे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो." पण गेल्या सोमवारी डिसेंबरच्या परीक्षेचे पत्रक आले. त्यात यंत्राचे मार्क आहेत, आणि खाली बारीक अक्षरात माझ्या कानाचेही वीस मार्क आहेत.

खिडकीजवळची मुलगी आता सुट्टीत येऊन मला वाक्ये म्हणून दाखवते. परवा तिने 'व्हॅन' म्हटले. इथली मुले 'बॅन' म्हणतात. तिने म्हटले ते थेट दादरचे 'व्हॅन'! माझ्या पोटात गोळाच आला. माझ्या कानाचे वीस मार्क तिला मिळतील. पण यंत्राच्या ऐंशींतले माझ्या 'व'ने किती जायचे?

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहिले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवले आणि घासून म्हटले, "व्हॅन. व्हॅन. व्हॅन."

बाहेरून ह्यांनी विचारले, "काय गं, सामान हलवायचंय का कुठे?"