स्वस्तातलं भूत, फुकटातली मेहनत

गेल्या रविवारी कल्याण पूर्वेला अभ्यासवर्ग संपल्यावर पोरांनी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' लावला. १९९९ चा भयपट. जंगलात बेपत्ता झालेल्या तिघांच्या कॅमेऱ्यात सापडलेलं चित्रीकरण, असा त्याचा बाज. याला फाउंड फुटेज म्हणतात. संपल्यावर वाद पेटला. डोंबिवलीचा एक मित्र म्हणाला, "दादा, साठेक हजार डॉलरमध्ये काढला आणि पंचवीस कोटींच्या आसपास कमावले. आपण मोबाईलवर का नाही काढायचा?" दुसऱ्याचं म्हणणं, कॅमेरा हलवून चक्कर आणणं म्हणजे सिनेमा नव्हे.

आम्ही पहिल्याच्या बाजूने आहोत, पण अर्धेच. चेटकीण एकदाही न दाखवता केवळ अंधार, आवाज आणि दगडांच्या ढिगांवर माणसाला घाबरवणं सोपं नाही. सेट नाही, स्टार नाही. ज्यांच्या घरात सिनेमाच्या धंद्यातला एकही माणूस नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

पण तो साठ हजारांचा आकडा नीट बघा. तो चित्रीकरणाच्या वेळचा. पुढे वितरक कंपनीने सिनेमा सुमारे अकरा लाख डॉलरला घेतला आणि जाहिरातीवर कोट्यवधी डॉलर ओतले. कॅमेरा चालवला बहुतेक नटांनीच. संवादही बरेचसे त्यांनीच ऐनवेळी रचले. पात्रांना नावं दिली ती त्यांचीच खरी, आणि प्रसिद्धीसाठी त्यांना बेपत्ता ठरवलं. २०२४ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, त्याच तिघांना जाहीर पत्र काढून आपला मोबदला मागावा लागला. बजेट कमी होतं ते कुणाच्या पोटावर?

हे अमेरिकेतच घडतं असं नाही. आमच्यातल्या अंबरनाथच्या एका पोराने ठाण्याच्या खाडीकाठी एका शॉर्टफिल्मसाठी चार रात्री साउंड केला. शेवटची कर्जत लोकल गेली की पहाटेपर्यंत ठाणे स्टेशनवर बसून राहायचा. मिळालं काय? वडापाव आणि 'नाव देऊ'. नावही आलं नाही. आपल्या पूर्वजांना गावकीसाठी असंच राबवलं जायचं. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. आता त्याच राबण्याला 'पॅशन' म्हणतात, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, भीती कुणाची? ब्लेअर विचच्या दंतकथेत गावाने जादूटोण्याचा आरोप ठेवून एका बाईला हाकललेलं असतं. २०११ च्या 'रागिणी एमएमएस'मधलं भूत तर मराठी बोलतं. चेटकीण ठरवून मारलेली बाई ती, आणि आपण घाबरायचं तिलाच! तिला मारणारा गाव मात्र पडद्याबाहेर सुखरूप. एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. श्राद्ध-पिंडदान सोडल्याची प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांना भुताची भीती नाही. गावाची आहे.

ती भीती दाखवली दिबाकर बॅनर्जींच्या 'लव्ह सेक्स और धोखा'ने. २०१० चा हा सिनेमा भयपट नाही, पण तंत्र हेच. पहिल्या गोष्टीत पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याला मुलीच्या घरचे मारतात आणि कॅमेरा चालूच राहतो. पोराच्या जातीचा उल्लेख सेन्सॉरने काढायला लावला. भुतावर कात्री चालत नाही, जातीवर चालते. त्या गोष्टीपुढे आम्हाला ब्लेअर विच पोरखेळ वाटतो.

डोंबिवलीचा मित्र पुढच्या रविवारी गोष्ट लिहून आणणार आहे. साउंडला अंबरनाथचाच पोरगा. त्याचा दर आधी कागदावर ठरेल, मग कॅमेरा सुरू होईल.