सेवेच्या नावाने धावताना हिशेबही मागू या

हिवाळ्याची चाहूल लागली की नागपुरात रविवारच्या पहाटे धावण्याच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. वर्धा मार्गावरून खापरीच्या पुढे वळले की लागणारा मिहानचा परिसर धावण्याच्या सरावासाठी जणू मुद्दाम आखल्यासारखा आहे. रुंद रस्ते, सुटीच्या दिवशी तुरळक वाहने, दुतर्फा मोकळे माळ. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्यांत काम करणारा तरुण वर्ग इथलाच. प्रकृतीविषयी जागरूक, चार पैसे गाठीशी असलेला आणि सामाजिक कामाला हातभार लावण्यास उत्सुक. त्यामुळे ‘कर्करोगग्रस्तांसाठी धावा’, ‘मुलींच्या शिक्षणासाठी धावा’ असे आवाहन झाले की हा वर्ग आनंदाने नाव नोंदवतो. सहाशे-सातशे रुपये भरताना त्याच्या मनात व्यायामाइतकीच सेवेचीही भावना असते.

ही भावना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, ज्याच्या नावाने हे पैसे भरले गेले, त्याच्यापर्यंत त्यातले किती पोहोचतात? आणि हा प्रश्न भरणारा कधी विचारतो का?

शुल्क म्हणजे देणगी नव्हे

मुळात प्रवेशशुल्क आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या स्पर्धांच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर आकारला जातो, याचा सरळ अर्थ असा की ते एका सेवेचे मोल आहे. त्या मोबदल्यात धावपटूला टी-शर्ट, पदक, छातीवर लावायचा क्रमांक, वेळ मोजणारी चिप, वाटेत पाणी, रुग्णवाहिका आणि शेवटी अल्पोपाहार मिळतो. याउलट देणगीच्या बदल्यात दात्याला पावतीखेरीज काही मिळत नाही आणि ‘८०-जी’ या नावाने सर्वपरिचित असलेली करसवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीलाच लागू होते. स्पर्धेत भाग घेण्यासाठी आयोजकाला दिलेल्या शुल्काला नव्हे.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, दोन हजार धावपटूंनी प्रत्येकी ७०० रुपये भरले. जमा झाले १४ लाख. टी-शर्ट, पदक, चिप, पाणी, अल्पोपाहार, वैद्यकीय व्यवस्था मिळून प्रत्येकी ६०० रुपये खर्च धरला, तर १२ लाख तिथेच संपले. उरले दोन लाख. त्यातून व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, जाहिरात, पाहुण्यांची सरबराई आणि स्पर्धेचे व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचा मोबदला वजा केला की हाती शून्यही येऊ शकते. ‘उरलेली रक्कम सेवाकार्याला’ असे आश्वासन दिलेले असेल, तर त्याचा भंगही झालेला नसतो. काही उरलेच नाही, एवढेच!

यात कोणी अफरातफर केलीच, असे नाही. चांगली स्पर्धा भरवायला खरोखरच पैसा लागतो. धावपटूंच्या सुरक्षिततेत काटकसर करणे हा तर गुन्हाच ठरेल. स्पर्धा भरवणे हा कोणाचा व्यवसाय असेल आणि त्यात त्याला नफा होत असेल, तर त्यातही वावगे काही नाही. आक्षेप आहे तो संदिग्धतेला. नोंदणीसाठी सेवेचे नाव पुढे करायचे आणि हिशेबाच्या वेळी ‘हे तर शुल्क होते’ म्हणायचे, हा दुटप्पीपणा झाला. शिवाय प्रायोजक कंपन्या जो पैसा देतात, तो या गणितात कुठे मांडला गेला, हे सामान्य धावपटूला बहुधा कळतच नाही.

मुंबईपासून लंडनपर्यंत

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबई मॅरेथॉनचे. २००४ साली सुरू झालेली ही स्पर्धा ‘प्रोकॅम इंटरनॅशनल’ ही व्यावसायिक कंपनी भरवते. मुख्य प्रायोजक आरंभी स्टँडर्ड चार्टर्ड बँक होती, २०१८ पासून टाटा समूह आहे. तिथे धावपटूचे प्रवेशशुल्क स्पर्धेच्या आयोजनाकडे जाते. सेवाकार्याचा निधी हा त्याहून वेगळा प्रवाह आहे. ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. धावपटू आपल्या आवडीच्या संस्थेसाठी परिचितांकडून देणग्या मिळवतात, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे चमू उतरवतात आणि काही जागा ठरावीक देणगी देणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. कोणत्या संस्थेसाठी किती रक्कम जमली, याचा तपशील प्रसिद्ध होतो. या मार्गाने आजवर काही शे कोटी रुपये उभे राहिले आहेत. या स्पर्धेच्या झगमगाटाविषयी आणि व्यापारीकरणाविषयी टीका जरूर करता येईल. पण शुल्क आणि देणगी यांची दोन खाती वेगळी ठेवण्याची शिस्त तिथे आहे, हे मान्य केले पाहिजे.

गंमत अशी की, राज्यातील लहानमोठ्या शहरांतील अनेक आयोजकांनी मुंबईचा बाह्य थाट उचलला. संगीत, फुगे, चित्रतारे आणि पदके सारे आले. दोन वेगळ्या खात्यांची शिस्त मात्र मागेच राहिली.

लंडन मॅरेथॉनची रचना आणखी वेगळी. १९८१ साली ख्रिस ब्रेशर आणि जॉन डिस्ली यांनी ती सुरू केली, तेव्हाच स्पर्धेतून उरणारा पैसा लंडनमधील क्रीडासुविधांसाठी वापरण्याचे ठरले होते. स्पर्धा भरवणारी कंपनी एका धर्मादाय न्यासाच्या मालकीची आहे आणि तिची शिल्लक त्या न्यासाकडे जाते. म्हणजे नफा झाला तरी तो कोणाच्या खिशात जाणार, हे आधीच लेखी ठरलेले.

दुसऱ्या टोकाला आहे टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाच्या नावाची धाव. कर्करोगाने एक पाय गमावलेल्या या युवकाने १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. रोग फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि १९८१ च्या जूनमध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या धावेत प्रवेशशुल्क नाही, स्पर्धा नाही, विजेत्याला पारितोषिक नाही. ज्याला जे द्यायचे ते त्याने कर्करोग संशोधनासाठी द्यावे. मुंबईतही ही धाव भरत आली असून तिचा निधी टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनासाठी दिला जातो. सेवेसाठी धावायला पदकाची गरज नसते, हे याहून अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

आपली परंपरा काय सांगते?

परंतु या विषयात धडे घेण्यासाठी लंडन किंवा कॅनडालाच जायला हवे असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ उभारला. दात्याकडून अपेक्षा किती, तर एक पैसा. त्या पैशा-पैशातून १९०८ च्या सुमारास तळेगावला काचकारखाना उभा राहिला. देणाऱ्याला दिसत होते की, आपल्या पैशाची काच झाली. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी एकनाथजी रानडे यांनी देशभरातून एक, दोन, पाच रुपयांच्या देणग्या गोळा केल्या. सुमारे तीस लाख सामान्य माणसांचा त्याला हातभार लागला आणि १९७० साली स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. रुपया लहान होता, पण त्याचा मार्ग सरळ होता. म्हणूनच देणारा मनाने त्या कार्याशी जोडला गेला.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान ते सात्त्विक. ‘पात्र पाहून’ या अटीकडे आपण सोयीस्कर दुर्लक्ष करतो. दान कोणाला पोहोचले हे पाहणे म्हणजे संशयखोरपणा नव्हे. ते दात्याचे कर्तव्यच आहे.

गणेशमंडळाला जे लागू, ते इथे का नको?

आपल्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळ घरोघरी शंभर-दोनशे रुपये वर्गणी मागते. त्या मंडळाची नोंदणी झालेली नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये त्याला धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च सादर करावा लागतो. मंडळाचे कार्यकर्ते ही कटकट मानत असतील, पण समाजाच्या पैशाला हिशेबाची चौकट हवी, हे तत्त्व त्यामागे आहे. मग सेवेच्या नावाने एका सकाळी लाखो रुपये जमा करणाऱ्या स्पर्धेकडून समाजाने तेवढीच अपेक्षा का ठेवू नये? वर्गणीला ‘शुल्क’ म्हटले म्हणून नैतिक जबाबदारी टळत नाही.

सरकारनेही या विषयातील गोम ओळखलेली दिसते. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक दायित्वासाठी खर्च करावा लागतो. हा नियम लागू झाला त्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती यांसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च सामाजिक दायित्वात धरता येणार नाही, असे बजावले. २०२१ च्या सुधारित नियमांनीही स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व या व्याख्येबाहेर ठेवले. जाहिरात आणि सेवा या दोहोंतील सीमारेषा कायद्याला दिसते. ती आपल्यालाही दिसायला हवी.

मिहानपासूनच सुरुवात व्हावी

हा आग्रह मिहानच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा वाटतो. हा प्रकल्प शिवणगाव, चिंचभुवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांतील शेतजमिनींवर उभा आहे. आज ज्या डांबरी रस्त्यावर धावण्याचा आनंद लुटला जातो, तिथे काल कोणाचा तरी ज्वारी-कापसाचा पट्टा होता. याच परिसरातील एम्समध्ये विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. रुग्णासोबत येणाऱ्या आप्ताला दोन वेळचे जेवण आणि रात्रीचा निवारा लागतो. या गावांतील मुलामुलींना धावायला मैदान आणि शिकायला मार्गदर्शन लागते. सेवेची गरज शुभारंभाच्या कमानीपासून हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी सेवेचे नाव नुसते टी-शर्टच्या पाठीवर छापून राहावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

म्हणून काही साध्या गोष्टींचा आग्रह धरता येईल. पहिली, नोंदणीच्या अर्जावरच शुल्क किती आणि देणगी किती, हे स्वतंत्र लिहिलेले असावे. दुसरी, ‘शिल्लक रक्कम’ देऊ, असे मोघम आश्वासन न देता प्रत्येक धावपटूमागे ठरावीक रक्कम संस्थेला देण्याचे आधी जाहीर करावे. वरच्या उदाहरणात प्रत्येकी शंभर रुपये आधीच बाजूला काढले असते, तर दोन लाख रुपये निश्चित पोहोचले असते आणि आयोजकाला बाकीचा खर्च त्या मर्यादेत बसवावा लागला असता. तिसरी, देणगीची पावती लाभार्थी संस्थेची असावी. चौथी, स्पर्धेनंतर दोन महिन्यांच्या आत शुल्क, प्रायोजकत्व आणि खर्च यांचा एक पानी जमाखर्च सर्व सहभागींना पाठवावा. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

सेवाभावी संस्थांनीही आपले नाव मोफत वाटू नये. संस्थेचे नाव ही अनेक कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून मिळवलेली पुंजी असते. ते कोणाच्या फलकावर झळकण्यापूर्वी लेखी करार व्हावा आणि मिळालेली रक्कम संस्थेने स्वतः जाहीर करावी. कारण एकदा का धावपटूचा विश्वास उडाला की त्याचा फटका आयोजकाला बसत नाही. तो दुसऱ्या नावाने दुसरी स्पर्धा भरवतो. फटका बसतो तो पुढच्या वेळी दारात प्रामाणिकपणे झोळी घेऊन उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला. ‘मागच्या वेळी दिले होते, त्याचे काय झाले?’ हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो आणि त्याच्यापाशी उत्तर नसते.

आणि आपण, जे धावतो किंवा आपल्या मुलांना धावायला पाठवतो, त्यांनी काय करावे? धावणे मुळीच थांबवू नये. व्यायामासाठी धावायचे असेल, तर शुल्क हे व्यायामाचे मोल समजून आनंदाने भरावे. सेवेसाठी द्यायचे असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारावे, ‘यातले किती, कोणाला आणि केव्हा पोहोचणार?’ उत्तर सरळ मिळाले, तर दहा मित्रांना सोबत न्यावे. उत्तर मिळाले नाही, तर तेवढीच रक्कम आपल्या माहितीतल्या संस्थेला स्वतः नेऊन द्यावी आणि रविवारी पहाटे मिहानच्या त्याच रस्त्यावर धावावे. तिथे धावायला शुल्क लागत नाही.