आवळा आणि तिपेडी वेणी

सासूबाईंना चावत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चहा-बिस्किटं आणि मऊ भातावरच भागतं ना? मग हिरड्यांतून रक्त येतं, खरचटलेलं लवकर भरत नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, भगिनींनो!

कातडी, हिरड्या, हाडं यांना बळकटी देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याची रचना थेट तिपेडी वेणीसारखी, हे १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी दाखवलं. ही वेणी घट्ट राहावी म्हणून शरीर तिच्यातल्या प्रोलीन या घटकाला ऑक्सिजनची जोड देतं. त्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व हवंच. जोड मिळाली तर वेणी सुमारे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. नाही तर २४ अंशांच्या आसपासच सुटते. आणि आपलं अंग तर ३७ अंश!

तेव्हा रोज किसलेला आवळा, मोसंबीचा रस किंवा बिया काढून कुस्करलेला पेरू द्या. लिंबू आमटी उकळताना नको, पानात वाढल्यावर पिळा. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नासतं. आणि डॉक्टरांना दाखवाच. रक्त येण्याची कारणं इतरही असतात.