ढवळ्या, पवळ्या आणि विद्यापीठांची दावण

'आयव्ही लीग' हा शब्द आपल्याकडे एखाद्या मानपत्रासारखा वापरला जातो. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत तो असतो, अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या गप्पांत तो असतो आणि मुलाला तेथे प्रवेश मिळाला की पुढचे काही सांगावे लागत नाही. वस्तुतः ते एका क्रीडामंडळाचे नाव आहे. ईशान्य अमेरिकेतील आठ जुन्या विद्यापीठांनी १९५४ साली सर्व खेळांसाठी एक करार केला, खेळाबद्दल शिष्यवृत्ती द्यायची नाही असे ठरवले आणि आपापसांत सामने खेळू लागली. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. म्हणजे कीर्ती आधीची, मंडळ नंतरचे. हार्वर्ड ज्या केंब्रिज शहरात आहे त्याच शहरातील एमआयटी या मंडळात नाही आणि स्टॅनफर्डही नाही. म्हणून त्यांची विद्या उणी आहे असे कोणी म्हणणार नाही.

एका मंडळाच्या बाबतीत हा घोटाळा झाला, तो इतरांच्या बाबतीतही होणे ओघाने आले. बिग टेन, एसीसी, एसईसी या मंडळांतील विद्यापीठांच्या विद्वत्तेची सरासरी काढून 'कोणते मंडळ अधिक बुद्धिमान' हे ठरवण्याचा खेळ अमेरिकेत मोठ्या हिरिरीने चालतो. कोणी नियतकालिकांच्या क्रमवाऱ्या घेऊन बेरीज-भागाकार करतो, तर कोणी १९०० साली स्थापन झालेल्या 'असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज' या निवडक संशोधन-विद्यापीठांच्या संस्थेचे किती सभासद कोणत्या मंडळात आहेत ते मोजतो. दुसऱ्या रीतीने बिग टेनचे पारडे सहज जड होते. त्यातील अठरा विद्यापीठांपैकी एक नेब्रास्का सोडल्यास सारी या संस्थेत आहेत. आमचे म्हणणे असे, की हे आकडे बरोबर असले तरी त्यांतून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

मंडळे कशी घडतात ते पाहावे. बिग टेन १८९६ साली मध्य-पश्चिमेतील सात विद्यापीठांनी उभारले. एकमेकांकडे रेल्वेने जाऊन सामने खेळता यावेत आणि भाडोत्री खेळाडूंना आळा बसावा, इतका तो साधा व्यवहार होता. शेजार हे त्याचे सूत्र होते. पुढे रेल्वेची जागा दूरचित्रवाणीने घेतली. २०२२ साली बिग टेनने प्रक्षेपणाचे हक्क सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेला विकले आणि २०२४ साली कॅलिफोर्नियातील यूसीएलए हे न्यू जर्सीतील रटगर्सचे मंडळबंधू झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये दाखल झाली, तीही प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील आपला वाटा पुष्कळ वर्षे कमी घेण्याचे कबूल करून. एसीसीची विद्वत्तेची सरासरी त्या दिवशी वर चढली. पण ड्यूकच्या ग्रंथालयात एक पुस्तक वाढले नाही, की क्लेम्सनच्या वर्गात एक प्राध्यापक अधिक आला नाही. जी सरासरी एका सहीने वर चढते, ती गुणवत्तेची नव्हे. ती सोबतीची सरासरी आहे.

आपल्याकडेही विद्यापीठे विभागवार सामने खेळतात. पश्चिम विभागात कोणाशी खेळले यावरून मुंबई विद्यापीठाची योग्यता ठरवण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत ते येते, कारण तेथे खेळ हाच विद्यापीठाचा दर्शनी दरवाजा झाला आहे.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही आपली म्हण. मंडळ बदलू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या कुलगुरूची श्रद्धा तिच्यावर असते. नेब्रास्काचे उदाहरण बोलके आहे. बिग टेनचे निमंत्रण त्यांना २०१० साली मिळाले तेव्हा ते त्या संशोधन-संस्थेचे जुने सभासद होते आणि ही गोष्ट त्यांच्या बाजूने मोजली गेली. २०११ च्या एप्रिलमध्ये संस्थेने त्यांचे सभासदत्व काढून घेतले आणि जुलैत ते बिग टेनमध्ये रुजू झाले. वैद्यकीय संशोधन वेगळ्या प्रशासनाखाली आणि शेतीच्या संशोधनाला त्या मोजमापात वजन कमी, ही त्यातली कारणे. विद्यापीठ एप्रिलमध्ये होते तेच जुलैत होते. ढवळ्याशेजारी दावणीला बांधल्याने वाणही बदलला नाही आणि गुणही लागला नाही. बदलली ती फक्त मोजपट्टी.

उलट बाजूचे उदाहरण शिकागोचे. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. हाइझमन पारितोषिकाचा १९३५ सालचा पहिला मानकरी याच विद्यापीठाचा. अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या कारकिर्दीत १९३९ साली विद्यापीठाने फुटबॉल बंद केला आणि १९४६ साली मंडळही सोडले. ओस पडलेल्या त्या मैदानाच्या प्रेक्षागारांखाली, स्क्वॉशच्या एका कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुविभाजन-शृंखला घडवली. फुटबॉल सोडला म्हणून भौतिकी बहरली असे आम्ही म्हणणार नाही. तो अतिरेक होईल. पण मंडळ सुटल्याने शिकागोच्या विद्येचे काही बिघडले नाही, एवढे तरी सिद्ध होते.

मग या तुलनेत काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो सरासरीत नाही. बिग टेनच्या विद्यापीठांनी १९५८ साली खेळाबाहेर सहकार्याची एक समिती स्थापन केली. ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव, एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या अभ्यासक्रमाची मुभा, अशी कामे तिने केली. विशेष म्हणजे मंडळ सोडून गेलेले शिकागो या समितीत अनेक दशके राहिले. शेजारातून विद्येचे नाते कसे निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मंडळांची शैक्षणिक तुलना करायचीच असेल, तर सभासदांनी मिळून काय केले हे विचारावे.

आणि दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. मंडळ ज्यांच्या घामावर उभे असते, त्या खेळाडूंना त्या विद्येतले काय मिळते? नॉर्थ कॅरोलायना हे एसीसीचे भूषण. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एक. तेथे १९९३ ते २०११ या काळात एका विभागात नावापुरते अभ्यासक्रम चालत होते. वर्ग भरत नसे, प्राध्यापक भेटत नसे, एक निबंध द्यायचा आणि उत्तम गुण घ्यायचे. २०१४ सालच्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१७ साली एनसीएएने विद्यापीठाला दंड केला नाही, कारण ते अभ्यासक्रम सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते! या साऱ्या वर्षांत एसीसीच्या सरासरीवर त्याचा एक ओरखडाही उठला नाही. सरासरी विद्यापीठाची होती; फसवणूक विद्यार्थ्याची झाली.

आयव्ही लीगनेही फार ताठ मान करण्याचे कारण नाही. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी २००१ सालच्या 'द गेम ऑफ लाइफ' या ग्रंथात दाखवून दिले, की शिष्यवृत्ती न देणाऱ्या निवडक महाविद्यालयांतही निवडून आणलेल्या खेळाडूंना प्रवेशात मोठे झुकते माप मिळते आणि अभ्यासात त्यांची कामगिरी अपेक्षेपेक्षा खाली राहते.

यावर कोणी म्हणेल, हा निरुपद्रवी करमणुकीचा विषय आहे, त्यावर एवढी लेखणी का झिजवावी? आमच्या मते तो निरुपद्रवी उरलेला नाही. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर एक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. खेळाडूला मोबदला मिळावा हे न्याय्यच आहे. परंतु पूर्वी 'आम्ही पैसे देत नाही, शिक्षण देतो' हे उत्तर ठरलेले असे. आता पैसे दिले म्हणून शिक्षणाचा हिशेब कोणी मागणार नाही, ही भीती आहे. मंडळाच्या नावाची झळाळी त्या हिशेबावर पांघरूण घालायला फार सोयीची आहे.

तेव्हा तुलना करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवून फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणारी मुले कोणते विषय घेतात, पदवीपर्यंत किती पोहोचतात आणि सामन्यासाठी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना किती तास बुडवतात, हे मंडळवार मांडावे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे आकडे एनसीएए दरवर्षी प्रसिद्ध करते. नॉर्थ कॅरोलायनाचा धडा लक्षात ठेवून ते वाचावे लागतील. तो तक्ता कदाचित बिग टेनला वर नेईल, कदाचित नेणार नाही. पण त्यात दावणीची नव्हे, दावणीला बांधलेल्यांची विचारपूस होईल.