मागच्या बाकावर कोण बसतं?

मार्च संपत आला की ऊसतोडीला गेलेली कुटुंबं बीड जिल्ह्यातल्या आपापल्या गावी परतू लागतात. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा पाच महिन्यांनी माझ्या वर्गात परत आला. दिवाळीच्या सुमारास आई-बापासोबत फडावर गेला होता. मी त्याची हजेरी लावली, त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि धडा पुढे चालू ठेवला. मारलं नाही, रागावलोही नाही. पण परीक्षेपर्यंत त्याला एकही प्रश्न विचारला नाही. 'याला काय येणार?' हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

हे ध्यानात आलं तेव्हा मला माझी शाळा आठवली. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी. दुसरीत असताना मी 'माझी पुस्तक घरी राहिली' असं म्हणालो. घरी किताब स्त्रीलिंगीच होती! सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. भारत-पाकिस्तान सामना असला की 'तू कुणाकडून?' हे फक्त मलाच विचारलं जायचं. हळूहळू मी हात वर करणंच सोडून दिलं. मोठेपणी शिक्षक झालो आणि दुसऱ्या एका मुलाला तसंच गप्प बसवलं. कारण तेवढं वेगळं होतं.

आपल्या भागाला ही कोंडी नवी नाही. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, त्यामुळे मराठी घरातल्या मुलांना परक्या भाषेत शिकावं लागायचं. आज पारडं फिरलंय. म्हणून कोणती भाषा वरचढ, हा वाद घालण्यात अर्थ नाही. वर्गात गप्प कोण बसतं, हे पाहायला हवं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा करायलाच नव्हे, तर त्यांचा मानसिक छळ करायलाही मनाई करतं. कलम २९ सांगतं की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवावं आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले किती पालक त्या बैठकीला जातात आणि तिथे बोलतात?

पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे सूरह अबस आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) मक्केतल्या सरदारांशी बोलत असताना अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी काही शिकायला आले. प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. त्यावर आयती उतरल्या आणि प्रेषितांनाही समज दिली गेली : ओढीने शिकायला आलेल्याकडे पाठ फिरवू नये. त्या अंध माणसाला तर ती आठी दिसलीही नव्हती. आपल्या वर्गातल्या मुलांना आपली आठी रोज दिसते.

आता मी काही साध्या गोष्टी पाळतो. नाव कसं उच्चारायचं, हे आधी मुलालाच विचारतो. बाक दर सोमवारी बदलतो. प्रश्न विचारून झाला की उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजतो, कारण दुसऱ्या भाषेतून विचार करणाऱ्याला तेवढा वेळ लागतो. कुणाला विचारायचं हे चिठ्ठी काढून ठरवतो, नाहीतर नजर आपोआप पुढच्या चार हुशार मुलांकडेच जाते.

डी.एड., बी.एड. करणाऱ्या, मकतबात किंवा शिकवणीत शिकवणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, आपल्यावर अन्याय होतो हे ठणकावून सांगायलाच हवं. पण आपल्या वर्गात मागे कोण बसतं, तेही बघा. मुली? झोपडपट्टीतली मुलं? अडखळत बोलणारं एखादं पोर? आपल्या हाती खडू आला की इन्साफचा प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार.

यंदा फडावरून मुलं परततील, तेव्हा त्यांच्यासाठी पुढचा बाक रिकामा ठेवा.