छेदात कोण कोण धरलंय?

गेल्या शनिवारी गावी, म्हणजे वेळापूरला गेलो होतो. संध्याकाळी ग्राउंडवर नेहमीचा मित्र भेटला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो खो-खोत गेला आणि मी कोडिंगमध्ये. आता तो ऊस बघतो आणि संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवतो. त्याने सरळ विचारलं, "आरं, एका पोराला बारावीनंतर स्पोर्ट्स कोट्यातनं दोन कॉलेजं बोलवत्यात. फी माफ, हॉस्टेल फुकट. तू कॉम्प्युटरवाला, बघून सांग की, कुठं घातलं तर पोरगं डिग्री घेऊन भाईर पडंल?"

प्रश्न साधा वाटला. रविवारची सकाळ गेली, उत्तर मिळालं नाही.

वेळापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माळशिरस तालुका, अर्धनारी नटेश्वराचं मंदिर, माउलींच्या पालखीचा मुक्काम. वारकरी इथे धावा करत, म्हणजे अक्षरशः पळत येतात. त्यामुळे खो-खो इथे रुजला यात मला तरी नवल वाटत नाही :) २०२५ साली दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारत जिंकला, आणि त्या संघातला रामजी कश्यप वेळापूरचा. आता गावातल्या प्रत्येक चपळ पोराच्या घरी कॉलेजवाले येणार हे उघड आहे.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंपैकी किती पदवीधर होतात हे मोजतात. १९९० च्या एका कायद्याने ते जाहीर करणं भाग पडलं. हिशोब असा: एका वर्षी पहिल्यांदा, पूर्णवेळ दाखल झालेली मुलं घ्यायची आणि सहा वर्षांत त्याच कॉलेजातून किती पदवी घेतात ते बघायचं. (सहा का? चार वर्षांच्या कोर्सची दीडपट. आपल्या तीन वर्षांच्या बीएला साडेचार होतील.) मधेच कॉलेज बदललं की तो नापासात जमा, आणि दुसरीकडून आलेला हिशोबातच नाही. कॉलेजांनी तक्रार केली की हा अन्याय आहे, ज्यात तथ्य होतं. मग त्यांच्या क्रीडा संघटनेने, एनसीएएने, आपला वेगळा दर काढला. बाहेरून आलेले धरायचे, आणि अभ्यास ठीक असताना सोडून गेलेले छेदातूनच वगळायचे. साहजिकच हा आकडा सरकारी आकड्यापेक्षा बराच वर गेला. जाहिरातीत कुठला वापरतात हे सांगायला नको!

मित्राच्या कॉलेजच्या टीमचा एक जुना ग्रुप फोटो त्याच्या घरात भिंतीवर आहे. बारा जण. म्हटलं चला, यांच्यावरच चालवून बघू. चहा पीत एकेकाचं काय झालं ते त्याला विचारत गेलो. दहा जण पहिल्या वर्षापासून तिथेच होते, दोघे एसवायला दुसरीकडून आले. दहांपैकी चौघांनी तिथेच डिग्री घेतली. दोघे सगळे विषय सोडवून दुसऱ्या कॉलेजात गेले, त्यातला एकजण तिथे पदवीधर झाला. उरलेले चौघे एटीकेटीत अडकले ते अडकलेच. बाहेरून आलेले दोघेही पास.

सरकारी पद्धत: दहात चार, ४० टक्के. एनसीएएची पद्धत: आलेले दोन मिळवा, गेलेले दोन वजा करा, दहात सहा, ६० टक्के. कुठूनही का होईना, डिग्री आहे का? बारात सात, ५८ टक्के. आणि आपल्याकडची पद्धत? नॅकच्या अहवालात वर्षानुवर्षं निकालाची टक्केवारी म्हणजे शेवटच्या वर्षाला जे बसले त्यातले पास. त्या फोटोतले सात बसले, सहा पास. ८६ टक्के! टीम तीच, पोरं तीच. खोटं कुणीच बोललं नाही.

माझा मित्र त्या अडकलेल्या चौघांतला. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या, दोन विषय राहिले, पुढे सिलॅबस बदलला. टीवायच्या परीक्षेला तो बसलाच नाही, म्हणून ८६ टक्क्यांत तो नापाससुद्धा नाही. तो नाहीच. हे ऐकून तो हसला, पण मला ते फार लागलं. कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असलं तरी पदाची शैक्षणिक अट सुटत नाही. पीएसआय व्हायला पदवी लागतेच. मेडल आहे, सर्टिफिकेट आहे, पदवी नाही, म्हणून त्याने फॉर्मच भरला नाही.

कुणी म्हणेल, आकडा मागितला की कॉलेजं आकडा सुधारतील, शिक्षण नाही. खरं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले, ३,१०० च्या वर मुलांनी त्यांचा फायदा घेतला, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. २०१४ च्या चौकशी अहवालात ते बाहेर आलं. तरीही मला आकडा हवाय. घोटाळा पकडायलासुद्धा आधी काहीतरी मोजलेलं लागतं. आपल्याकडे घोटाळा करायचीही गरज नाही, कारण विचारतंच कोण?

आणि टेक्निकली हे अवघड अजिबात नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला पीआरएन असतो. स्पोर्ट्स कोट्याचा प्रवेश नोंदलेला असतो. दोन टेबलं जोडायची, प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे ग्रुप बाय करायचं, झालं. फ्रेशर पोरगा दुपारच्या चहापर्यंत करून देईल. आता नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. म्हणजे उद्या हिशोब मांडला तरी दोन वर्षांनी गेलेल्या खेळाडूला 'यशस्वी' धरायचं की नाही यावर भांडण होणार. होऊ दे की, निदान तो छेदात तरी येईल.

रविवारी दुपारी निघताना मित्राने परत विचारलं, "मग? कुठं घालू?" दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइट बघून झाल्या होत्या. एकीवर ट्रॉफ्यांचे फोटो होते, दुसरीवर जास्त ट्रॉफ्यांचे. त्याला म्हटलं, दोन्हीकडे फोन कर. पाच वर्षांपूर्वी कोट्यातून घेतलेल्या खो-खोच्या पोरांची नावं माग आणि एकेकाला विचार, डिग्री झाली का.

काल त्याचा मेसेज आला. एका कॉलेजने नावं पाठवलीत. दुसऱ्याने विचारलंय, कशाला पाहिजेत?