आधी फंड, मग विमान

हिंजवडीत किंवा पवईत आठ-दहा वर्षे नोकरी करून कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला कायमचे निघालेल्या कुटुंबांची तयारी महिनोन्‌महिने चालते. व्हिसा, घराचा व्यवहार, मुलांचे शाळेचे दाखले, मसाल्यांचे डबे, सगळ्याची यादी होते. त्या यादीत पीएफ क्वचितच असतो. ‘राहू दे पडून, व्याज तर मिळतंय’ असे म्हणून तो मागे ठेवला जातो. हे फार महागात पडते.

कायदा या बाबतीत कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद 69 नुसार, कायमच्या वास्तव्यासाठी किंवा नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला निघण्यापूर्वीच सगळी रक्कम काढता येते. निवृत्तीच्या वयाची अट त्याला नाही. मात्र कायमचे परदेशी गेल्यावर 36 महिन्यांत अर्ज केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते आणि व्याज थांबते. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर प्राप्तिकरही लागतो, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

तिकडे गेल्यावर पैसे मागू लागले की खरी अडचण सुरू होते. ऑनलाइन दाव्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. रिचार्जअभावी ते सिम बंद पडलेले असते. अनिवासी झाल्यावर बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते, त्यात खाते क्रमांक बदलला असेल तर पीएफचे केवायसी नव्याने करणे आले.

याहून मोठा जाच बायकांना होतो. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते. पहिल्या कंपनीच्या नोंदीत वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, पॅनवर माहेरचे आडनाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे चार कागदांवर एकाच बाईचे चार प्रकार होतात. जन्मतारखेतली चूक असेल तर आणखी एक भर. ही तफावत मिटवायला पुष्कळदा जुन्या कंपनीच्या मान्यतेने संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. ती कंपनी दुसरीत विलीन झाली असेल किंवा बंद पडली असेल, तर सही कोणाची आणायची? स्वतःच्या पगारातून दरमहा 12 टक्के कापून साठवलेले पैसे मिळावेत म्हणून एखाद्या बाईला मेलबर्नहून महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागणे हा सरळ अन्याय आहे.

आधार न काढताच देश सोडून परदेशी नागरिक झालेल्यांना कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने 2024 मध्ये आधारच्या सक्तीतून सवलत दिली. ते योग्यच झाले. पण आधार आहे आणि त्याला जोडलेला नंबर मेलेला आहे, अशांचे काय? पासपोर्टची प्रत आणि भारतीय दूतावासाचे साक्षांकन एवढ्यावर त्यांची ओळख मान्य व्हायला हवी. हाच दूतावास त्यांचा पासपोर्ट नव्याने काढून देतो. मग फंडापुरती त्याची साक्ष अपुरी का मानायची?

ती व्यवस्था होईल तेव्हा होईल. निघणाऱ्यांनी तोवर थांबू नये. तिकीट काढण्याआधी सर्व कागदांवरचे नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या, जुन्या कंपन्यांची खाती एका यूएएनखाली आणा, नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे का ते पाहा. सलग सेवा पाच वर्षांहून कमी असेल तर काढलेल्या रकमेवर कर बसेल, तो हिशेबात धरा. पेन्शनच्या हिश्श्याचा नियम वेगळा आहे. सेवा दहा वर्षांच्या आतली असेल तर तोही काढता येतो; दहा वर्षे भरली की तो एकरकमी मिळत नाही, पेन्शनच घ्यावी लागते, आणि पूर्ण पेन्शन वयाच्या 58 व्या वर्षी सुरू होते. त्यासाठी पेन्शन योजनेचे प्रमाणपत्र आताच मागून घ्या आणि ते घरच्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत इथले सिम चालू ठेवा.